मापाला दिलेलं झंपर

आमच्या मानोऱ्यात बाई दुकानात शिरली, की पिशवीतून आधी एक जुनं झंपर काढते आणि माझ्या कापायच्या टेबलावर ठेवते. नवं कापड त्यानंतर. “हे माप,” एवढंच म्हणते. मी गळ्यात टेप अडकवून उभी असते, बाई स्वतः अख्खी माझ्यासमोर उभी असते, पण माप घ्यायचं ते झंपराचं. “टेपनं घेऊ का, ताई?” असं विचारलं, तर ती अशी आक्रसते, जणू मी इंजेक्शनच भरलंय.

ही रीत माझ्या वडिलांच्या काळातली. ते शिलाईकाम करायचे. लग्नसराईत लोक बैलगाडी पाठवून त्यांना मशीनसकट घरी न्यायचे. ओसरीवर मशीन मांडलं, की लग्न लागेपर्यंत मुक्काम तिथंच. पुरुषांच्या बंड्या, पोरांच्या चड्ड्या, सगळं अंगावर टेप धरून. बायकांचं माप मात्र घराच्या आतून यायचं, घडी घालून, एखाद्या पोरीच्या हाती. बाई दाराच्या आत, शिंपी दाराच्या बाहेर, मधे झंपर. वडिलांनी उभ्या जन्मात आईशिवाय कोणत्याही बाईला टेप लावली नाही. आईला तरी लावली होती का, अशी मला शंका आहे, कारण तिची झंपरं कधीच नीट बसली नाहीत.

यात एक गंमत होती. बाया वर्षागणिक भरत जायच्या आणि मापाचं झंपर मात्र लग्नातलंच राहायचं. नवं माप देणं म्हणजे कबुली देणं. वडील एक शब्द न बोलता दोन बोटं वाढवून कापायचे आणि आत भरपूर माया ठेवायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जादा कापड. पुढे गरज पडली, की शिवण उसवायची आणि झंपर सैल करायचं. झंपर घालून पाहिलं, की बाई आतूनच सगळ्या घराला ऐकवायची, “पाहा, अजून तेच माप येते मले.” ओसरीवर वडील मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायचे.

मी त्यांच्या हाताखाली शिकले, लग्नानंतर दुकान टाकलं, बाहेर ‘लेडीज टेलर’ अशी पाटी लावली. झंपराचं ब्लाउज झालं, गोल गळ्याचा बोट नेक झाला. आता पोरी मोबाइलमध्ये कुठल्यातरी नटीची उघडी पाठ दाखवतात आणि म्हणतात, “अस्साच.” मागे उभी असलेली त्यांची आई मला डोळ्यांनी खुणावत असते, वर घे, वर घे. मी दोघींनाही हो म्हणते आणि गळा मधे कुठंतरी थांबवते. पण मापाचं झंपर काही सुटलं नाही. ते पिशवीतून येतंच.

त्याच झंपरानं माझ्या मुलीच्या लग्नात जे केलं, ते आता सांगते.

मुलगी पुण्यात नोकरीला. नवरदेवही पुण्यातच नोकरीला, पण घर मेडशीचं. सोयाबीन, तूर, दारात ट्रॅक्टर, आणि त्या सगळ्यावर भारी अशा माझ्या विहीणबाई. उंच, भरदार, मोकळ्या गळ्याच्या. त्या फोनवर बोलल्या, की मला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. शालू त्यांच्याकडून, हे ठरलेलंच होतं. एक दिवस त्यांचा फोन आला.

“ईनबाई, नवरीचं माप पाठवा. शालूवरचं झंपर आमचा मास्तर शिवते.”

मी म्हटलं, “मीच शिवते ना.”

“तुमी नवरीची माय. तुमी कायले हात लावता? आमच्याकडचं आमी करू. मास्तर लय पोचलेला हाय.”

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. नंतर उठून दुकानभर एक फेरी मारली आणि पुन्हा बसले. अर्ध्या मानोऱ्याच्या बायकांची पाठ माझ्या हातून गेलेली, आणि माझ्या स्वतःच्या पोरीचं लग्नातलं झंपर मेडशीचा मास्तर शिवणार. नवरा म्हणाला, “त्यात काय एवढं?” त्या दिवशी मी त्याच्याशी फार बोलले नाही.

त्यात काय होतं, ते सांगते. लग्न मानोऱ्यात. मांडव माझ्या गिऱ्हाइकांनी भरणार. आमच्याकडची बाई लग्नात नवरीच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी बगलेखालची शिवण बघते. नवरीची आई टेलर म्हटल्यावर झंपर कोणी शिवलं, असं कोणी विचारणारसुद्धा नाही. ते माझंच. ते पोत्यासारखं लोंबलं, तर पोतं माझं. आणि मला तोंड उघडायची सोय नाही, कारण नवरदेवाकडच्या शालूला नावं ठेवली, तर पोरीच्या संसाराची सुरुवातच भांडणानं होणार.

त्यात दुसरी अडचण. पोरीकडे मापाला द्यायला झंपरच नव्हतं. जीन्स आणि कुर्ते, एवढीच तिची दौलत. कॉलेजच्या गॅदरिंगला साडी नेसली होती, ती माझ्या झंपरावर, पिना लावून. म्हणजे मापाला द्यायचं म्हणून मलाच एक शिवणं आलं.

साधं सुती शिवलं असतं, तरी चाललं असतं. पण ते मेडशीच्या मास्तरच्या हातात पडणार होतं. मी जांभळं रेशीम काढलं. पाठीवर मोराची नक्षी, कडेनं बारीक पायपिंग, कापडाची मढवलेली बटणं, मागे घुंगरांचे लटकन. आतून अस्तर असं, की उलटं घातलं तरी चालावं. वडिलांची सवय हाडात मुरलेली, म्हणून माया अशी सढळ ठेवली, की शेजारणीलाही पुरली असती. झाल्यावर मी ते हँगरला टांगलं आणि चहा पीत बघत बसले. मास्तर, आता बोला.

विहिणीच्या घरी रिकामं काही जात नाही. म्हणून ते एका डब्यात घातलं, सोबत नारळ, हळदकुंकू, मूठभर तांदूळ, वरून चमकीचा कागद. डबा देऊन नवऱ्याला एसटीत बसवलं. माझा नवरा मुळात कमी बोलतो आणि पोरीच्या सासरच्या माणसांपुढे त्याहून कमी. मेडशीत त्यानं डबा पुढे केला, “हे पाठवलं तिनं,” एवढं म्हणाला, चहा प्यायला आणि परत आला. माप हा शब्द त्याच्या तोंडून निघालाच नाही.

मेडशीत पुढे काय झालं, ते मला लग्नानंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला माझ्याआधी हसता येईल.

विहीणबाईंनी चमकीचा कागद फाडला. नारळ, हळदकुंकू आणि जांभळं झंपर. सरळच आहे, विहिणीला आहेर. टेलरबाईनं स्वतःच्या हातानं शिवून पाठवलाय. त्यांनी घालून बघितलं. एक हात गेला, दुसरा कोपराला अडला. त्या रागावल्या नाहीत. बिचारीनं अंदाजानं शिवलं असेल, असं म्हणून त्यांनी मला फोन केला आणि झंपर लय सुंदर, लय आवडलं, असं सांगितलं. मी फुलले. मी म्हटलं, मास्तरांना दाखवा जरूर. त्या म्हणाल्या, त्याच्याचकडं देतो ना.

आणि दिलंच. “मास्तर, हे सैल करून द्या, सगळी माया सोडा,” असं म्हणून त्या आचाऱ्याला भेटायला निघून गेल्या. मास्तरच्या दुकानात शालूचं ब्लाउजपीस मापाची वाट बघत पडलेलं. आता मानोऱ्याहून झंपर आलेलं. मास्तरनं ओळखलं, हेच नवरीचं माप. पण सैल कशाला? त्यानं डोकं चालवलं. सासूनं पोरगी पाहिली असेल, लग्नानंतर पोरी भरतात, सासू दूरचं बघते. त्यानं माझी सगळी माया सोडली, आणि त्या सोडलेल्या मापावर शालूचं झंपर कापलं. वर स्वतःच्या हातची दोन बोटं वाढवली, कारण तोही वडिलांच्याच काळातला कारागीर. दोन दिवसांनी विहीणबाईंनी विचारलं, नवरीचं माप आलं का? तो म्हणाला, “आलं, काकू. कापलंबी.” त्यांना वाटलं, आम्ही परस्पर त्याच्याकडे पाठवलं. प्रकरण मिटलं.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड आलं. मी हातात ओवाळणीचं ताट घेऊन मंगल कार्यालयाच्या दारात उभी. गाडीचं दार उघडलं आणि विहीणबाई उतरल्या, अंगात माझं जांभळं झंपर. त्या वळल्या, तेव्हा मोर दिसला. घुंगरू वाजले.

पहिल्यांदा मला एवढंच वाटलं, अगं बाई, हे तर माझं. मग वाटलं, आणि काय बसलंय त्यांना. त्यानंतर कुठं डोक्यात आलं, की हे त्यांच्या मापाचं झालं असेल, तर शालूचं झंपर कोणाच्या मापाचं आहे? मी ताट ओवाळायचं सोडून तशीच उभी राहिले. विहीणबाई खुशीत म्हणाल्या, “पाहून राह्यल्या ना? तुमचाच आहेर घातला मी.”

मी म्हटलं, “शोभते तुमाले.” आणि खरंच शोभत होतं.

आमच्या पद्धतीप्रमाणे नवरी मामाकडच्या पिवळ्या साडीत लग्नाला उभी राहते. मंगलाष्टकं झाली, की तिला सासरचा शालू देतात, ती आतल्या खोलीत जाऊन तो नेसते, आणि मग दोघं खुर्च्यांवर बसतात. म्हणजे शालूचं झंपर मला तोवर दिसायचं नव्हतं. मंगलाष्टकं चालू असताना सगळे नवरानवरीकडे बघत होते, आणि मी विहिणीच्या बगलेतून शिवणीचा अंदाज घेत होते. प्रत्येक ‘सावधान’ला माझं काळीज आणखी एक बोट सैल व्हायचं.

खोलीत गेलो, दार लावलं. पोरीनं झंपर अंगात घातलं आणि आरशात पाहिलं. मरून रेशीम, जरीच्या बुट्ट्या, माल उत्तम. आत माझी पोरगी कुठंतरी होती.

“आई,” ती म्हणाली, “तूही ये यात. जागा आहे.”

मेकअपवाली बाई लगबगीनं पिना घेऊन धावली. पण पिनांवर भागणार नव्हतं. शालू जड, वर दोनशे बायका मिठी मारणार, एक पिन जरी सुटली तरी नवरदेवाला टोचणार. सुई हवी होती. माझी सुई रोज पदराला टोचलेली असते, आणि आजचा पदर इस्त्रीचा. बाहेर गजरे करणारी बाई बसली होती, तिची सुई मागवली. ती सुई अशी, की तिनं गोधडीसुद्धा शिवता यावी. दोरा कुठून आणायचा? शालूच्या पदराला गोंड्यांचे रेशमी दोरे सुटलेले होते, त्यातले ओढून घेतले, म्हणजे रंगही जुळला.

आता कात्री लावायची नाही, उसवायला वेळ नाही. आतून दाबून घ्यावं, तर गाठोडं होतं. म्हणून जे जादा होतं, ते मी बाहेरून घेतलं. बगलेपासून कमरेपर्यंत बारीक चुण्या पाडल्या, पंख्याच्या घड्यांसारख्या. जाड सुईनं रेशमाला भोक पडतं, म्हणून एकेक टाका जरीच्या बुट्टीतून काढला. पाठीवरचं कापड एकावर एक तिरकं घेतलं. बाह्यांना वरती चुण्या दिल्या, त्या फुगल्या, फुगू दिल्या. पोरगी सरळ उभी, हात वर, आणि मला बजावत होती, “आई, हसवू नकोस, टाका लागेल.” मी कुठं हसवत होते? माझ्या कपाळावरून घाम गळत होता.

शेवटचा टाका घालतच होते, तेवढ्यात दार वाजलं आणि विहीणबाई आत आल्या.

“झालं का वं? फोटोवाले खोळंबले.” मग त्यांची नजर झंपरावर गेली. त्या जवळ आल्या. एका चुणीवरून बोट फिरवलं. “हे काय हाय?”

मेकअपवालीनं आपली पेटी बंद केली. माझ्यासमोर विहीणबाई, त्यांच्या अंगात माझ्या पोरीचं माप, पोरीच्या अंगात विहीणबाईंचं माप, आणि मधे मी, हातात गजऱ्याची सुई. खरं सांगितलं असतं, तर आहेर म्हणून मिरवलेलं झंपर भर लग्नात मापाचं ठरलं असतं. मी सुई अंबाड्यात खोचली.

“तुमच्या मास्तरचं काम,” मी म्हटलं.

त्यांनी पोरीला एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून.

“म्या म्हटलंच होतं तुमाले,” त्या म्हणाल्या. “लय पोचलेला हाय.”

पोरीला खोकला आला. तो स्टेजवर जाईपर्यंत थांबला नाही.

पुढचं मी स्वप्नातसुद्धा आणलं नसतं. बायकांनी स्टेजला गराडा घातला. शिवण कोणी बघेचना, सगळ्यांचे डोळे चुण्यांवर. माझं जुनं गिऱ्हाईक, तहसीलमध्ये नोकरीला असलेली ताई, माझ्याजवळ येऊन म्हणाली, “हात तुमचाच दिसते हा.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात आहेर पुकारणाऱ्याच्या हातातला माइक विहीणबाईंनी घेतला.

“नवरीचं झंपर आमच्या मेडशीच्या मास्तरनं शिवेल हाय,” त्यांनी साऱ्या मांडवाला सांगितलं. “मानोऱ्यात असं कोणी शिवत नाई.” मग मी कोण, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या घाईघाईनं म्हणाल्या, “आमच्या ईनबाई सोडून.” पण तोवर माइक पुन्हा आहेरवाल्याकडे गेला होता आणि तो कोणाचं तरी मिक्सर पुकारत होता.

पुढच्या आठवड्यापासून दुकानात बायका यायला लागल्या. पिशवीतून झंपरही काढेनात, कापडही काढेनात. मेडशीच्या मास्तरचा नंबर मागत होत्या. तहसीलवाली ताई तर खुर्चीवर बसून, माझा चहा पिऊन, मला विचारत होती, “मेडशी कट इथं शिवता येईल का हो कोणाले, का तिकडंच जा लागन?” मेडशी कट. माझ्या घामाला बाजारात नाव पडलं होतं, आणि ते परगावचं होतं. मी तिला नंबर दिला. काय करणार? दुसऱ्या दिवशी त्या तिघी-चौघी मिळून एसटीनं मेडशीला गेल्याही.

मग एका दुपारी मास्तर स्वतः माझ्या दारात उभा राहिला. राखाडी सफारी, केसांना काळाभोर कलप, आणि गळ्यात टेप. ती टेप मेडशीपासून बसमध्ये तशीच लावून आला असावा. मी पाणी दिलं. तो पाणी प्यायला, त्यानं दुकान न्याहाळलं, माझ्या मशीनचा पट्टा जुना झालाय असं सांगितलं, आणि मग खुर्चीवर टेकला.

“बाई,” तो म्हणाला, “म्या असं काय शिवलं, ते मले एकदा दाखवा.”

तेव्हा मला मेडशीतली सगळी हकिगत कळली, वर सांगितली ती. तो साधं चार टक्सचं झंपर शिवून मोकळा झाला होता. आता मानोऱ्याहून बायका येतात, चुण्या मागतात, आणि तो कापड ठेवून घेतो, कारण नाही म्हणायची त्याला सवय नाही. ते सगळं एक वेळ निभलं असतं. पण आता खुद्द विहीणबाईंनी भाचीच्या लग्नासाठी तोच कट सांगितला होता, स्वतःसाठी.

“मले येत नाई म्हणून कसं सांगू?” तो म्हणाला. “काहून येत नाई विचारलं, त मंग ते जांभळं कोणाचं होतं, इथवर गोष्ट जाते. आन ते जांभळं काकू अंगातून काढूनच नाई राह्यल्या.”

ते खरं होतं. बारशाला जांभळं, वाढदिवसाला जांभळं, मला फोटो यायचे. त्या मोराला त्यांच्या अंगावरून उतरवायचं पाप मला करायचं नव्हतं, आणि मास्तरलाही नव्हतं.

शालूचं झंपर माझ्याकडेच होतं. पोरीनं ते नीट मापाचं करायला ठेवलं होतं, आणि चुण्यांचे टाके मी आधीच उसवले होते. ते मी काढलं. पण टेबलावर पसरून चुण्या कळत नाहीत, त्यांना आत अंग लागतं. माझ्याकडे पुतळा नाही.

“उभे राहा, मास्तर,” मी म्हटलं.

तो समजला. कारागीर होता, कुरकुर केली नाही. सफारीवरून झंपर चढवलं, आणि सांगते, पहिल्यांदाच ते कोणाला तरी व्यवस्थित बसलं. मी एकेक चूण पाडत गेले, का आणि कुठून ते सांगत गेले, तो मान वाकडी करून बगलेत बघत होता आणि “वा, वा,” करत होता. पाठ झाली, एक बाजू झाली, दुसऱ्या बाजूला पिना लावत होते.

दारात तहसीलवाली ताई उभी राहिली. हातात आणखी एक कापड. मेडशीचं काम होऊन आलं नव्हतं म्हणून चौकशीला आली असावी. तिनं मला पाहिलं, मास्तरला पाहिलं, मास्तरच्या अंगातलं मरून रेशीम पाहिलं. मास्तरला हलता येत नव्हतं, बगलेत पिना होत्या.

“बसा, ताई,” तो भारदस्तपणे म्हणाला. “ट्रायल चालू हाय.”

ती बसली. बराच वेळ बघत राहिली.

“म्हंजे मास्तर,” ती म्हणाली, “हे तुमी शिकून राह्यले का शिकवून राह्यले?”

मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. मी पिन तोंडात धरली होती, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं, आणि मी मदतही केली नसती. त्यानं एक सुस्कारा टाकला. झंपरावरच्या जरीच्या बुट्ट्या वर-खाली झाल्या.

“बाईच्या हातचं हाय, ताई. पयल्यापासून. पण मेडशीत सांगू नका.”

ताईनं मान डोलावली, कापड पुन्हा पिशवीत घातलं, आणि पिशवीतून जुनं झंपर काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मेडशीत सांगायला ती जाणार नव्हती. मानोऱ्यात मात्र दिवस मावळायच्या आत घरोघरी सांगून होणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी मास्तरला हात आणखी वर करायला सांगितला. त्या बाजूची शेवटची चूण अजून बसत नव्हती.